बॅटरीवरची गोल करवत: ब्लेड बदलताना आणि कामाला लावताना

एप्रिल सरत आला की आमच्याकडे, चिपळूणच्या बाजूला, घरशाकारणीची घाई सुटते. कौलं उतरवायची, कुजलेले वासे आणि वाळवी खाल्लेल्या रिपा काढायच्या, नव्या बसवायच्या आणि मृग लागायच्या आत छप्पर पुन्हा झाकून द्यायचं. या कामात माझी पंचवीस वर्षं गेली. आधी हातकरवत होती, मग वायरवाली मशीन आली, आणि गेली सहा वर्षं बॅटरीवरची गोल करवत आहे. परांचीवर वायर ओढत न्यावी लागत नाही, वीज गेली म्हणून काम थांबत नाही, पावसाचा शिडकावा आला तर मशीन बगलेत मारून पडवीत पळता येतं. मला ती मनापासून आवडते.

यंदा पुतण्या माझ्या हाताखाली आला आहे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काका, ब्लेड कसं बदलायचं?" त्याला दाखवताना जे जे बोललो ते नीट लिहून ठेवतो आहे. नवी करवत घेतलेल्या दुसऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. तुमची मशीन माझ्यापेक्षा थोडी वेगळी असू शकेल, म्हणून तिच्यासोबत आलेलं पुस्तक एकदा शेजारी उघडून ठेवा.

सगळ्यांत आधी बॅटरी.

वायरवाली मशीन होती तेव्हा ब्लेड बदलताना मी पिन काढून समोर ठेवायचो, दिसेल अशी. बॅटरीवाल्या मशीनला पिनच नाही. ती गप्प पडलेली असते आणि वायर दिसत नाही, त्यामुळे यात वीज नाही असंच हाताला वाटत राहतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका घराच्या पडवीत मी असाच फसलो. आभाळ भरून आलं होतं, पाच रिपा राहिल्या होत्या आणि ब्लेड जळका वास देत होतं. म्हटलं, पटकन बदलू. ब्लेडचे दात एका फळीत रुतवले, उजव्या हाताने मूठ धरली आणि डाव्या हाताने ऍलन की (सहा कोनांची चावी) बोल्टमध्ये घालून जोर दिला. बोल्ट घट्ट होता. डाव्या हाताचा जोर वाढला तसा उजवा हातही आपसूक आवळला गेला. मुठीवर अंगठा जिथे टेकतो तिथेच सुरक्षेचं बटण आणि बोटं वळतात तिथेच ट्रिगर. मशीन जेमतेम सेकंदभर फिरली असेल. तेवढ्यात ती फळीवरून उसळली आणि चावी माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी बसली. चार टाके पडले. हात ब्लेडच्या बाजूला असता तर टाके घालायला बोट राहिलं नसतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ट्रिगर सोडायचा, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत मशीन हातात धरून ठेवायची, मग बॅटरी काढायची. बॅटरी मशीनशेजारी ठेवायची नाही, चार हात लांब, दुसऱ्या बाकावर किंवा पायरीवर ठेवायची. खिशात तर अजिबात नाही, कारण आपल्या खिशात खिळे आणि स्क्रू असतात आणि ते बॅटरीच्या तोंडाला लागले तर शॉर्ट होऊन ती तापते. बॅटरी काढून झाली की मशीनचं तोंड मोकळ्या बाजूला करून एकदा ट्रिगर दाबून बघायचा. काहीच हललं नाही तर मगच चावी हातात घ्यायची.

हे फक्त ब्लेड बदलताना करायचं असं नाही. कापाची खोली कमीजास्त करताना, बेस (मशीनची खालची सपाट पाटी) तिरका करताना, गार्डमध्ये (ब्लेडवरच्या झाकणात) अडकलेली ढलपी काढताना, मशीन दुसऱ्याच्या हातात देताना, दर वेळी बॅटरी बाहेर. दिवसातून वीस वेळा करावं लागतं. वीस वेळा करा.

ब्लेडवर काय लिहिलंय ते वाचा

दुकानात नुसतं "लाकडाचं ब्लेड द्या" म्हणालात तर काउंटरवरचा मुलगा हाताला येईल ते देतो. तुमच्या मशीनला काय लागतं ते तुम्हालाच माहीत हवं. ब्लेडच्या अंगावर सगळं छापलेलं असतं. माझ्यावर आहे १६५ × २० × १.६ आणि पुढे २४ टी. १६५ मिलिमीटर म्हणजे ब्लेडचा व्यास, आपल्या भाषेत साडेसहा इंची. २० म्हणजे मधल्या भोकाचा व्यास. १.६ म्हणजे दाताची रुंदी, अर्थात लाकडात जेवढी खाच पडते ती. आणि २४ दात.

व्यास मशीनवर लिहिलाय तोच घ्यायचा. मोठं ब्लेड गार्डमध्ये घासतं आणि लहान ब्लेड बेसच्या खाली पुरेसं उतरत नाही. भोकाचा हिशेब याहून महत्त्वाचा. बाजारात २० मिलिमीटर, १५.८८ मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर अशी वेगवेगळ्या भोकांची ब्लेडं मिळतात. भोक मोठं असेल तर ब्लेडसोबत येणारी कडी घालून ते बसवता येतं, पण ती कडी मापाचीच हवी आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड नको, नाहीतर वॉशर ब्लेडला आवळण्याऐवजी कडीलाच आवळत बसतो. टेप गुंडाळून किंवा पत्र्याची पट्टी घालून भोक भरायचं नाही. एका ठेकेदाराच्या माणसाला मी हे करताना पाहिलं आहे. असं ब्लेड मधोमध बसत नाही, फिरताना हिसके देतं आणि बोल्ट ढिला करतं.

आणखी एक आकडा असतो, कमाल फेऱ्यांचा. ब्लेडवरचा आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवा. माझी मशीन मिनिटाला ५००० फेरे घेते. साडेसहा इंची ब्लेड त्या वेगाने फिरतं तेव्हा दाताच्या टोकाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने सुटलेला एक दात काय करू शकतो ते ध्यानात ठेवून हा आकडा वाचा.

दातांची संख्या कामावर ठरते. वासे, रिपा, शिरेच्या दिशेने उभी फाड, अशा कामाला २४ दात. दातांमध्ये जागा मोठी असते, भुसा झरझर बाहेर पडतो, बॅटरी टिकते. फळ्या आडव्या कापायला ४० दात. प्लाय आणि सनमायका असेल तर ४८ किंवा ६० दात, कडा स्वच्छ येते, पण मशीन सावकाश न्यावी लागते. बॅटरीच्या मशीनला पातळ खाचेचंच ब्लेड घ्या. १.६ ऐवजी २.४ ची खाच म्हणजे मशीनला दीडपट लाकूड खरवडून काढायचं, आणि तो सगळा भार बॅटरीवर.

दातांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचे बारीक तुकडे जोडलेले असतात. त्यावर आपली कानस चालत नाही, त्याला हिऱ्याच्या चाकावर धार लावून घ्यावी लागते. तो तुकडा कडक असतो पण ठिसूळही. ब्लेड दगडी जोत्यावर पडलं की तुकडा उडतो. एक जरी दात गेला असेल किंवा पत्र्याला केसाएवढी चीर दिसत असेल तर ते ब्लेड पुन्हा लावायचं नाही. मी अशा ब्लेडवर तिथल्या तिथे लाल रंगाची फुली मारतो, म्हणजे घाईत कुणी उचलून लावत नाही.

थोडं विषयांतर करतो, पण हे बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे साइटवर सर्रास चार इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून काम करतात. मीही तरुणपणी केलं आहे. ती मशीन फरशीसाठी बनवलेली आहे. ती मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते, आणि तिला खालून आपोआप मिटणारा गार्ड नसतो. लाकडातून बाहेर आलं की ब्लेड उघडंच फिरत राहतं आणि माणूस ते तसंच मांडीशेजारी आणतो. दोन पैसे वाचवायला हे करू नका. उलटही करू नका, म्हणजे लाकडाच्या गोल करवतीला फरशीची किंवा लोखंड कापायची चकती लावू नका. ठिणग्या भुशाने भरलेल्या गार्डमध्ये पडतात.

आता ब्लेड बदलूया

बॅटरी लांब ठेवली आहे हे पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. नुकतंच काम केलं असेल तर ब्लेड दोन-चार मिनिटं निवू द्या. बदलताना हातात जाड मोजे घातलेले चांगले, नवं ब्लेड नुसतं पकडलं तरी बोट कापतं. मोजे नसतील तर गोणपाटाचा तुकडा घ्या. (कापायला लागलात की मात्र सैल मोजे काढून ठेवा, फिरत्या दातांत धागा अडकला तर हात आत ओढला जातो.)

मशीन सपाट फळीवर आडवी ठेवायची, ब्लेडची बाजू वर. शेजारी एक करवंटी ठेवा. बोल्ट, वॉशर, कडी, जे निघेल ते करवंटीत. अंगणातल्या वाळूत पडलेला वॉशर शोधण्यात माझी एक पूर्ण दुपार गेली आहे.

मशीनवर शाफ्ट लॉकचं, म्हणजे ब्लेडचा दांडा अडवून धरायचं, बटण असतं. ते अंगठ्याने दाबून ठेवायचं आणि चावीने बोल्ट हळूहळू फिरवायचा. थोडं फिरल्यावर आत टक् असा आवाज येतो, बटण अजून थोडं खाली बसतं आणि ब्लेड अडतं. तो टक् जाणवल्याशिवाय जोर लावू नका, नाहीतर लॉकची पिन घासून गोल होते आणि मग कधीच धरत नाही.

बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो यात सगळ्यांचा गोंधळ होतो. काही मशीनवर तो नेहमीसारखा डावीकडे फिरवल्यावर सुटतो, काहींवर उलटा. सोपी खूण सांगतो. गार्डवर ब्लेड फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. बोल्ट त्या बाणाच्या दिशेने फिरवला की सुटतो, आणि बाणाच्या उलट फिरवला की आवळतो. मुद्दाम तसं बनवलेलं असतं, म्हणजे मशीन चालू होताना ब्लेडच्या ओढीने बोल्ट सुटत नाही. पुतण्याने पहिल्या दिवशी तो उलट्या बाजूला रेटून रेटून इतका आवळला की मलाच उठावं लागलं.

आवळलेला बोल्ट सुटत नसेल तर चावीवर हातोडी मारू नका. लांब पाइप घालू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग पुन्हा प्रयत्न करा. ऍलन की झिजून कडा गोल झाली असेल तर आधी ती बदला, झिजलेल्या चावीने बोल्टचं तोंड कायमचं खराब होतं.

बोल्ट निघाला की बाहेरचा वॉशर काढा. मग खालच्या गार्डची खुंटी धरून गार्ड मागे सरकवा आणि ब्लेड हळूच खाली फिरवत बाहेर घ्या. आतला वॉशर तिथेच राहील. काही मशीनमध्ये तो दोन्ही बाजूंनी बसतो आणि दोन्ही बाजूंचा उंचवटा वेगळ्या मापाचा असतो. म्हणून काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. मी आजही काढतो.

आता सगळ्यांत दुर्लक्षित काम, सफाई. आतला वॉशर, बाहेरचा वॉशर आणि शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसायचे. फणसाच्या किंवा ओल्या लाकडाच्या कामानंतर त्यावर चिकट काळा थर बसतो. तो नखाला जाणवण्याइतका असेल तर ब्लेड सरळ बसत नाही. मध्ये केसाएवढा भुसा राहिला तर कडेला ब्लेड डोळ्यांना दिसेल इतकं डुलतं. गार्डच्या आतला भुसा जुन्या ब्रशने झाडून काढा. मग खालचा गार्ड हाताने मागे नेऊन सोडून द्या. तो खट् करून एका झटक्यात बंद व्हायला हवा. अडखळत बंद होत असेल तर स्प्रिंगपाशी भुसा अडकला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. तो गार्ड व्यवस्थित चालेपर्यंत मशीन वापरायची नाही.

काही जण हा गार्ड वर करून मागे पाचर मारतात किंवा तारेने बांधून टाकतात, म्हणे रेषा दिसत नाही. माझ्या परांचीवर मी हे कुणाला करू देत नाही. एक जुना सहकारी होता, त्याच्या मांडीवर आजही त्या पाचरीची खूण आहे.

नवं ब्लेड लावताना ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला. बाण पुसला गेला असेल तर दात बघा. मशीन बेसवर उभी केली की ब्लेडच्या पुढच्या भागातले दात वर, तुमच्या कापायच्या दिशेने तोंड करून असले पाहिजेत. ही मशीन खालून वर कापते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची अर्धी गणितं सुटतात, सनमायका कुठल्या बाजूला ठेवायचा ते सुद्धा.

गार्ड मागे धरून ब्लेड आत सरकवा आणि आतल्या वॉशरच्या उंचवट्यावर नीट बसलंय का बघा. बोटाने ढकलून बघा, ब्लेड वरखाली हलता कामा नये. बाहेरचा वॉशर बसवा, बोल्टला आधी हातानेच तीन-चार आटे द्या. आटे तिरके बसत असतील तर लगेच कळतं, चावीने ते कळत नाही. मग लॉक दाबून बाणाच्या उलट दिशेने चावीने आवळा. मनगटाचा पूर्ण जोर पुरतो, खांद्याचा नको.

चावी काढा. तिची मशीनवरच जागा असते, तिथे बसवा. लॉक सुटला आहे ना ते बघा आणि गार्ड मागे धरून ब्लेड एका काडीने किंवा मोजा घातलेल्या बोटाने एक पूर्ण फेरा फिरवा. गार्डला कुठे घासतं का, कडा एका रेषेत राहते का, ते नीट बघा. काही मशीनमध्ये ब्लेडच्या मागे पोलादी जीभ असते, लाकडाची खाच मिटून ब्लेड आवळू नये म्हणून. ती असेल तर ब्लेडच्या रेषेत आहे का तेही बघा. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि खाचेपेक्षा पातळ असली तरच कामाची.

आता बॅटरी लावा. मशीन माणसांपासून दूर धरून, स्वतः ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभं राहून, अर्धा मिनिट मोकळी फिरवा. नीट बसलेल्या ब्लेडचा आवाज एकसारखा सूं असा येतो. त्यात घुर्र् असा थरका आला किंवा मूठ हातात गुदगुल्या केल्यासारखी थरथरली तर थांबवा, बॅटरी काढा, सगळं उघडून पुन्हा पुसून बसवा. दहांतल्या नऊ वेळा वॉशरखाली भुसा निघतो.

कापायच्या आधीची मांडणी

खोली. बॅटरी काढून मशीन वाशाच्या कडेला टेकवा, गार्ड वर करा आणि ब्लेड लाकडाच्या खाली जेमतेम एका दाताएवढं डोकावेल अशी खोली ठेवा. म्हणजे एक सूत (इंचाचा आठवा भाग), फार तर दोन सूत. बरेच जण खोली पूर्ण सोडून ठेवतात, कशाला दर वेळी फिरवायचं म्हणून. मग खाली तीन बोटं ब्लेड उघडं फिरतं आणि खाली टेकू द्यायला गेलेला हात तिथेच असतो. शिवाय जास्त ब्लेड लाकडात असलं की घर्षण वाढतं, मशीन झटका जोरात देते आणि कडेच्या ढलप्याही जास्त उडतात.

साडेसहा इंची मशीन सरळ धरली की साधारण ५५ ते ५७ मिलिमीटर कापते. दोन इंची जाडीचा वासा आरामात एका फेऱ्यात तुटतो. बेस ४५ अंशांत तिरका केला की हीच खोली ४० मिलिमीटरच्या आसपास येते, मग तोच वासा तुटत नाही. आढ्याशी वासे तिरके जुळतात म्हणून पुतण्या बेस तिरका करायला निघाला होता. त्याची गरज नाही. वासा रुंद बाजूवर आडवा ठेवा, तिरकी रेष मारा आणि सरळ बेसनेच त्या रेषेवर कापा.

गुण्या. बेसच्या पट्टीवर शून्य अंश लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. मशीन एकदा पडली की पट्टी खोटी होते. मशीन उलटी धरून गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) एक बाजू बेसला आणि दुसरी ब्लेडच्या पत्र्याला लावा, दाताला नाही, कारण दात पत्र्यापेक्षा रुंद असतो. मध्ये उजेड दिसला तर बेसचा स्क्रू ढिला करून जुळवा. तसंच बेसच्या कडेपासून ब्लेडचं अंतर पुढे आणि मागे मोजा. दोन्ही सारखं हवं. सारखं नसेल तर मशीन सरळ रेषेत जाणारच नाही, तुम्ही तिला रेटत बसाल आणि ब्लेड खाचेत तिरकं होऊन जळेल.

हेच अंतर मी मार्करने बेसवर लिहून ठेवलं आहे. सरळ कापायला पट्टी शिकंज्याने आवळायची असते तेव्हा रेषेपासून तेवढं अंतर सोडून पट्टी लावतो. ब्लेड बदललं की खाचेची रुंदी बदलू शकते, म्हणून एका टाकाऊ तुकड्यावर कापून ते अंतर परत मोजायचं.

आता टेकू. बहुतेक झटके टेकू चुकल्याने बसतात. लांब वासा दोन टोकांना दोन ठोकळ्यांवर ठेवून मधोमध कापला की तो मध्ये वाकतो, खाच वरून मिटते, ब्लेड चिमटलं जातं आणि मशीन तुमच्या अंगावर मागे उसळते. म्हणून टेकू कापाच्या रेषेच्या दोन्ही अंगांना जवळ द्या आणि कापून पडणारा तुकडा मोकळा खाली जाईल असं बघा. प्लायची आठ बाय चारची शीट असेल तर खाली थर्माकोलचा जाड पत्रा अंथरा, शीट सगळीकडून टेकलेली राहते आणि ब्लेड थर्माकोलमध्ये एक सूत शिरलं तर काही बिघडत नाही.

ही मशीन खालून वर कापते हे मघाशी सांगितलं. म्हणजे ढलप्या वरच्या बाजूला उडतात. सनमायका किंवा दिसणारी बाजू खाली ठेवायची आणि रेषा मागच्या बाजूवर मारायची. दोन्ही बाजू दिसणार असतील तर वरच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी लावा आणि धारदार सुरीने आधी रेषा ओरखडून घ्या.

जुनं लाकूड असेल तर एक काम जास्तीचं. आमच्याकडच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या वाशांत चुका, म्हणजे खिळे, मोडून आत राहिलेल्या असतात, वरून दिसत नाहीत. मी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून ठेवला आहे. कापाच्या जागेवरून तो हळूहळू फिरवतो. खिळा असेल तिथे दोरी किंचित तिरकी होते. तेवढ्या एका तपासणीने माझी कितीतरी ब्लेडं वाचली आहेत.

कापताना

डोळ्यांना चष्मा, कानाला बोळे किंवा मफ, नाकाला चांगला मास्क. रुमाल बांधून बारीक भुसा अडत नाही. लाकडाचा भुसा कर्करोग करणारा आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच ठरवलं, आणि आपण तो रोज नाकाने ओढतो. सागाच्या भुशाने माझ्या हाताला मेभर खाज सुटलेली असते, मग फुप्फुसात काय होत असेल. गळ्यातला पंचा काढा, मनगटातला दोरा बाहीखाली घ्या.

दोन्ही हात मशीनवर. ब्लेडच्या रेषेत उभं राहू नका, थोडं बाजूला. बेस लाकडावर टेकवा, ब्लेड लाकडाला न लागता मशीन चालू करा, पूर्ण वेग आल्यावर पुढे न्या. मशीन ढकलायची नाही, तिला जेवढं खाता येतं तेवढंच द्यायचं. मध्येच अडली किंवा चिमटली तर ट्रिगर सोडा आणि ब्लेड थांबेपर्यंत तिथेच स्थिर धरा. फिरतं ब्लेड खाचेतून मागे ओढायचं नाही, नेमका तेव्हाच झटका बसतो.

शिडीवर उभं राहून, एक हात आढ्याला आणि एका हाताने मशीन, असं काम आमच्या धंद्यात होतं. मी ते बंद केलं आहे. वर माप घ्यायचं, खुणा करायच्या, वासा खाली आणून कापायचा. वाशांची शेपटं पागोळीच्या रेषेत वरच कापावी लागतात, तिथे आधी परांची बांधायची, दोन पायांवर उभं राहायचं आणि मग कापायचं. परांचीला अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

काही झालंच तर, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन करा. हळद, चहापूड भरू नका. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही.

धार गेली कसं ओळखायचं

कापाची कडा काळी पडते, जळका वास येतो, भुशाऐवजी पिठासारखी पूड पडते, आणि मशीन मध्येच आपोआप बंद व्हायला लागते. माडाच्या वाशाला हे फार लवकर होतं, दिसायला मऊ असलं तरी माडाचं लाकूड धार खातं. सागही खातो, त्यात वाळूसारखा अंश असतो. पण लगेच नवं ब्लेड आणायला धावू नका. कित्येकदा धार शाबूत असते आणि दातांवर नुसती राळ चढलेली असते. ब्लेड काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने दात घासा, कोरडं पुसा, उन्हात वाळवा. पुष्कळ ब्लेडं त्यानंतर पुन्हा सरळ कापतात.

बॅटरीबद्दल एवढंच. १८ व्होल्ट आणि डब्यावर २० व्होल्ट लिहिलेली, दोन्हीत पाचच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एकात सरासरी व्होल्टेज लिहिलं आहे आणि दुसऱ्यात पूर्ण चार्ज झाल्यावरचं. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. गरम बॅटरी चार्जरला लावू नका, आधी सावलीत निवू द्या. मे महिन्यात टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवसांत लोखंडाला तांब, म्हणजे गंज, चढते. मृग लागला की मी सगळी ब्लेडं पुसून, मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवून, मध्ये पुठ्ठा घालून जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. प्रत्येकावर चिठ्ठी असते: किती दात, कुठल्या लाकडावर वापरलं, धार कधी लावली. दिवाळीनंतर काढलं की आधी तेल पुसायचं, नाहीतर पहिल्याच फळीवर डाग पडतो. मशीन वेगळ्या पेटीत आणि बॅटरी घरात, फळीवर, पोरांचा हात पोहोचणार नाही अशी.

या वर्षी त्या डब्यातल्या चिठ्ठ्या पुतण्याने लिहिल्या.